ख्रिस्ती माणसाने योगाभ्यास आणि ध्यान करावे काय?

गुलमोहर_नगर

सर्वांना नमस्कार, आणि ख्रिस्ती वाचकांना जय ख्रिस्त.

मी नगरची, निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास चार पिढ्यांचा आहे, त्यामुळे जो प्रश्न मी येथे मांडते आहे तो वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माझ्यापुढे उभा राहील असे कधी वाटले नव्हते. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याची झीज वाढली आणि प्रभुभोजनाच्या वेळी कठड्यापाशी गुडघे टेकणे मला जमेनासे झाले. सगळी रांग खाली वाकलेली आणि मी एकटी उभी, अशा स्थितीत भाकर आणि प्याला घेताना जो संकोच होतो तो ज्याने अनुभवला त्यालाच कळेल. डॉक्टरांनी मांडीचे स्नायू बळकट करायला सांगितले. शेजारणीच्या आग्रहावरून मी पालिकेच्या बागेत सकाळी सहाला भरणाऱ्या योगवर्गाला जाऊ लागले.

वर्गाचा क्रम ठरलेला आहे. सुरुवातीला तीन वेळा ॐकार, मग 'सह नाववतु', त्यानंतर सांधे मोकळे करणारे प्रकार, ज्यांना जमते त्यांच्यासाठी मंत्रासह सूर्यनमस्कार, आमच्यासारख्यांसाठी खुर्चीवरची आसने, मग अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शेवटी पाच मिनिटे शवासन. आठ महिन्यांनी, कठड्याला एका हाताने धरून का होईना, मी पुन्हा गुडघ्यांवर आले. उपासनेनंतर एकीने कोणते औषध घेतले असे विचारले आणि मी खरे ते सांगितले. पुढच्याच आठवड्यात वडीलवर्गातील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी, दोघे घरी आले. ते सौम्यपणे बोलले, चहा घेतला, प्रार्थना केली. परंतु योग हा परधर्मातील उपासनेचा मार्ग आहे, व्यायाम करायचा तर दुसरा कोणताही करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. माझी थोरली नणंद त्याच मंडळीत आहे. ती एकच वाक्य बोलली : "वहिनी, गुडघा बरा झाला हे चांगलेच, पण तो कुणापुढे टेकवलास ते पाहा."

त्या वाक्याने माझी झोप उडाली आहे. आसन, श्वास, मंत्र आणि ध्यान या चार गोष्टी एकच आहेत की वेगवेगळ्या, आणि ख्रिस्ती माणसाने थांबायचे तर नेमके कोठे, हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे. राजकारण कृपया येथे आणू नये.

चहा_बिस्कीट

ताई, फिजिओथेरपी करा. प्रश्नच मिटला.

गुलमोहर_नगर

तीही केली. दर बैठकीचे पैसे पेन्शनमधून जाऊ लागले म्हणून थांबवली. गंमत अशी की तेथे खुर्चीवर बसवून, पाय समोर ताठ करून, गुडघ्याची वाटी वर ओढून धरायला सांगत, आणि बागेतही अक्षरशः तेच सांगतात. तेथे त्याला 'तीन नंबरचा व्यायाम' म्हणत. येथे खुर्चीवरचे दंडासन म्हणतात.

सरळवाट

गुलमोहरताई, आपल्या घरी आलेल्या वडीलवर्गातील दोघांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि मी ते ऐकीव माहितीवरून म्हणत नाही. माझा बाप्तिस्मा अठ्ठाविसाव्या वर्षी झाला. त्याआधी वडिलांच्या शेजारी पाटावर बसून मी रोज संध्या केली आहे, आचमन केले आहे, नाकपुडी दाबून प्राणायाम केला आहे. आपल्यासाठी ॐ हा बागेतल्या वर्गाचा आरंभ असेल. मी तो उच्चार इतकी वर्षे ज्याच्या पुढ्यात बसून केला, त्याच्यापासून तो मला वेगळा काढता येत नाही. पतंजलींचे योगसूत्रही तेच सांगते. 'तस्य वाचकः प्रणवः', म्हणजे ॐ हा ईश्वराचा वाचक शब्द आहे. तो नुसता नाद आहे असे ग्रंथकारानेच मानलेले नाही.

दुसरे असे की, हा मार्ग कोठे नेतो ते पाहिले पाहिजे. पतंजलींचा ईश्वर म्हणजे क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला एक 'पुरुषविशेष', म्हणजे इतरांहून वेगळा आत्मा आहे. तो सृष्टी निर्माण करीत नाही, पापांची क्षमा करीत नाही, हरवलेल्या मेंढरामागे रानात जात नाही. साधनेचे अंतिम फळ कैवल्य आहे. पुरुष, म्हणजे आत्मा, प्रकृतीपासून, म्हणजे जड सृष्टीपासून सुटतो आणि आपल्या स्वरूपात एकटा राहतो. ख्रिस्ती आशा शरीराच्या पुनरुत्थानाची आणि देवाच्या संगतीची आहे, एकटे राहण्याची नाही. दोन-तीन स्थानकांपुरता मी या गाडीत बसतो असे म्हणणाऱ्याने आपण कोठे उतरणार हे चढण्यापूर्वी ठरवलेले असावे, आणि बहुतेकांनी ते ठरवलेले नसते.

तिसरे, ध्यानात मन रिकामे करायला शिकवतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात झाडून-लोटून रिकाम्या ठेवलेल्या घरात दुष्ट आत्मे कसे येऊन राहिले ते आपण सर्वांनी वाचले आहे. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या पवित्र सिनडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, जून २०२० मध्ये योग ख्रिस्ती विश्वासाशी सर्वस्वी विसंगत असल्याचे जाहीर केले, आणि आपल्याच देशात केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या धर्मसिद्धान्तविषयक आयोगाने २०१८ साली योगाविषयी सावध राहण्याचा अहवाल दिला. ही काल निघालेली मंडळी नव्हेत.

केळीची_बाग

मी वसईचा कॅथलिक, तरुणपणी काही वर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, काढून परत आलेला. सरळवाट यांनी दोन चर्चेसची नावे घेतली आहेत, म्हणून आमच्या चर्चची भूमिकाही सांगणे भाग आहे, कारण दोन्ही बाजूंचे लोक तिचा अर्धा-अर्धाच उल्लेख करतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात त्या धर्मांमधील सत्य आणि पवित्र असे काहीही चर्च नाकारत नाही, असे म्हटले आहे. योगाच्या बाजूचे लोक येथेच वाचन थांबवतात. पुढे १५ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी सर्व बिशपांना पत्र पाठवले. त्यावर कार्डिनल रॅटझिंगर यांची सही आहे, जे नंतर पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. त्यात योग, झेन आणि भावातीत ध्यान यांचा नावानिशी उल्लेख आहे. विरोधक फक्त हे पत्र दाखवतात, परंतु बहुधा ते पूर्ण वाचत नाहीत, कारण ख्रिस्ती प्रार्थनेची कल्पना आणि तिच्या अटी झाकोळल्या जाणार नसतील तर या पद्धतींतील उपयुक्त ते घेता येईल, हेही त्याच पत्रात आहे.

त्या पत्रातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला मुद्दा मात्र तिसराच आहे. काही शारीरिक क्रियांनी आपोआप शांत आणि हलके वाटते, कधी प्रकाश किंवा ऊब जाणवते. त्या जाणिवेलाच पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन समजणे ही मोठी चूक आहे, असे पत्र बजावते. शवासनात डोळ्यांच्या कडांतून पाणी आले तर ते दिवसभराचा ताण सैल झाल्यामुळेही येते. ते पाणी पुसावे आणि प्रार्थना वेगळी करावी. आपल्या प्रार्थनासभांतही ढोलकी आणि कीबोर्डच्या लयीत अंगावर जो काटा येतो त्यालाही हाच नियम लागू होतो, हे जाता जाता सांगतो. त्या काट्याची तपासणी करायला कोणी वडील घरी येत नाहीत.

आता श्वासाविषयी. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची 'अध्यात्मसाधना' ही पुस्तिका १५४८ साली छापली गेली. तिच्यात प्रार्थनेची तिसरी पद्धत अशी दिली आहे की प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर म्हणावा आणि दोन श्वासांमधल्या अवकाशात त्या शब्दाच्या अर्थाकडे किंवा ज्याला उद्देशून तो म्हटला त्याच्याकडे पाहावे. 'पित्या', श्वास; 'तुझे', श्वास; 'नाव', श्वास. ज्या ग्रीक चर्चचा दाखला सरळवाट देतात, त्याच परंपरेत ग्रीसमधील ॲथॉस पर्वतावरचे मठवासी 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' हे वाक्य श्वासाच्या लयीत, मान खाली घालून, हजारो वेळा म्हणतात. चौदाव्या शतकात विरोधकांनी या साधकांची 'बेंबीकडे पाहत बसणारे' अशी टिंगल केली होती, आणि त्यांच्यातीलच धर्मपंडित ग्रेगरी पालामास यांना त्यांच्या बचावासाठी लेखणी उचलावी लागली. म्हणजे श्वासाला देवाच्या कामी लावावे की नाही हा वाद आपल्या घरातही जुनाच आहे.

आपल्याकडे लोणावळ्याच्या साधना संस्थेचे जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी श्वासाकडे आणि अंगावरच्या संवेदनांकडे लक्ष देण्याचे सराव प्रार्थनेची पूर्वतयारी म्हणून शिकवले. १९८७ साली ते वारले. १९९८ साली त्याच श्रद्धासिद्धान्त मंडळाने सूचनापत्र काढून त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरवली. मात्र त्यांचे सुरुवातीचे लेखन पौर्वात्य प्रभाव असूनही ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहते, हेही त्यात नमूद केले. मी त्यांच्या पद्धतीचा सराव पहिल्यांदा केला तेव्हा दहाव्या मिनिटाला घोरत होतो, असे शेजारच्या ब्रदरांनी मला नंतर सांगितले. त्यामुळे अनुभवाच्या आधारे बोलण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही.

लाकडी_वीट

मी हिंदू आहे आणि पुण्यात बरीच वर्षे योग शिकवतो. माझ्या वर्गात ख्रिस्ती विद्यार्थी होते आणि आहेत. दोन दुरुस्त्या आणि एक तक्रार, एवढेच लिहितो.

पहिली दुरुस्ती ध्यानाविषयी. मन रिकामे करणे ही ध्यानाची व्याख्या नाही. 'देशबन्धश्चित्तस्य धारणा', म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणे. 'तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्', म्हणजे तेथे एकाच प्रत्ययाची, एकाच जाणिवेची, सलग धार. ध्यानात घर रिकामे करीत नाहीत, एकाच पाहुण्याकडे लक्ष ठेवतात. पाहुणा कोण, याविषयी सूत्रकार कमालीचे उदार आहेत : 'यथाभिमतध्यानाद्वा', ज्याला जे इष्ट वाटेल त्याचे ध्यान करावे. तेव्हा रिकाम्या घराची भीती या ग्रंथाला लागू पडत नाही, असे माझे मत आहे. कैवल्याविषयी सरळवाट यांनी लिहिले ते मात्र बरोबर आहे, आणि त्यांनी ते माझ्या अनेक हिंदू विद्यार्थ्यांपेक्षा नीट वाचले आहे.

दुसरी दुरुस्ती आसनांविषयी. योगसूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत, आणि त्यांतील 'स्थिरसुखमासनम्' बसण्याविषयी बोलते. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात पंधरा आसने वर्णिली आहेत. बागेत आज जे पन्नास-साठ प्रकार करतात त्यांतील पुष्कळसे गेल्या शंभर वर्षांत रचले किंवा रुळवले गेले. सूर्यनमस्कार तर हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आसनमालिका म्हणून सापडत नाहीत. व्यायाम म्हणून त्यांचा प्रसार करण्यात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे, त्यांनी ते आपल्या संस्थानातील शाळांमध्ये नेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत पोटातील दाब कसा बदलतो हे उपकरणांनी मोजले. त्यामुळे आसन केले की धर्म बदलला, असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही.

आता तक्रार. 'आम्ही ॐ काढला, नावे बदलली, आता हा ख्रिस्ती योग झाला' असे कोणी म्हणते तेव्हा मला त्रास होतो. ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला शरण जाणे, हा नियमांपैकी एक नियम आहे, अहिंसा आणि अपरिग्रह हे यम, म्हणजे आचरणाची बंधने, आहेत, आणि त्यांच्यावाचून उरते ती चांगली कसरत. कसरत करण्यात काहीच कमीपणा नाही. आपल्या गुडघ्याला तीच हवी होती. परंतु तिला योगाचा संपूर्ण अर्थ म्हणू नये, तसेच योग म्हणजे केवळ कसरत असे सांगून ख्रिस्ती माणसाची खोटी समजूतही काढू नये. माझ्या वर्गाच्या आरंभी पतंजलींना वंदन असते, आणि त्यात त्यांचे वर्णन सहस्र मस्तकांचे, शुभ्र, असे आहे. ज्याला ते म्हणायचे नाही तो शांत उभा राहतो. एक विद्यार्थिनी दर वेळी त्या मिनिटभरात आसनांसाठीच्या विटा आणि पट्टे नीट लावून ठेवते. मी तिला कारण विचारलेले नाही.

अभंगवाचक

मी संस्कृत शिकवत असे. ताईंचा प्रश्न 'कोठे थांबायचे' असा आहे, आणि त्याचे उत्तर मला व्याकरणात दिसते.

सूर्यनमस्काराचे मंत्र पाहावेत : मित्राय नमः, रवये नमः, सूर्याय नमः, भानवे नमः, आणि असेच भास्कराय नमः पर्यंत बारा. शाळेत आपण सर्वांनी घोकले आहे की 'नमः'च्या योगात चतुर्थी विभक्ती येते. ही चतुर्थी नमस्कार कुणाला आहे ते सांगते, संदिग्धता ठेवत नाही. अंगाच्या हालचालीला विभक्ती नसते. वाकणे म्हणजे वाकणे. शेतात भात लावणारी बाईही तशीच वाकते. त्या वाकण्याला चतुर्थी जोडली की ते नमन होते. आपल्या नणंदबाईंनी 'कुणापुढे' असे विचारले तेव्हा त्यांनी नकळत याच विभक्तीवर बोट ठेवले. म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे आसन आणि श्वास यांना ख्रिस्ती माणसाने भ्यायचे कारण नाही. जेथे चतुर्थी येते आणि ती आपल्या प्रभूला उद्देशून नाही, तेथे तोंड मिटावे. 'सह नाववतु'मध्ये अशी चतुर्थी कोठेही नाही. तेथे गुरू-शिष्यांचे एकत्र रक्षण व्हावे अशी मागणी आहे. ती कुणाकडे आहे हे उपनिषद जाणणारा जाणतो, म्हणून तेथे काय करावे हे ताईंनीच ठरवावे.

(लाकडी_वीट यांच्या वर्गातील वंदनात 'प्रणमामि पतञ्जलिम्' अशी द्वितीया आहे, त्यामुळे माझा नियम तेथे व्याकरणदृष्ट्या फसतो. आशयाने फसत नाही.)

ताईंच्याच नगरमध्ये एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. उभे राहण्याची रीत, टाळ, पूर्वरंग-उत्तररंग, सगळे आपल्या जुन्या कीर्तनाचे. नमन तेवढे ख्रिस्ताला. पुढे नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, अभंगाचा साचा तसाच ठेवून त्यातली चतुर्थी बदलली, आणि ते अभंग आज आपल्या उपासनांत कोणालाही परके वाटत नाहीत.

आणखी एक सांगतो, तो पुरावा म्हणून घेऊ नये. 'योग' हा शब्द 'युज्' म्हणजे जोडणे या धातूपासून आला आहे. त्याच धातूचे 'युग' म्हणजे बैलांच्या मानेवरचे लाकूड, आणि त्यावरून मराठीत 'जू' झाले. 'माझे जू आपणावर घ्या' हे वाक्य मराठी पवित्र शास्त्रात वाचताना मला दर वेळी ही भावकी आठवते. शब्दांचे कूळ एक असल्याने श्रद्धा एक होत नाहीत, हेही तितकेच खरे.

सॅन_दिएगोकर

नावे आणि मंत्र काढले की काय उरते, हा प्रयोग अमेरिकेत आमच्या सॅन दिएगो परगण्यात न्यायालयापर्यंत गेला होता. एन्सिनिटास येथील प्राथमिक शाळांत योगाचे तास सुरू झाले तेव्हा काही ख्रिस्ती पालकांनी, सरकारी शाळेत धर्म शिकवला जातो, असा दावा लावला. शाळांनी संस्कृत नावे काढून टाकली होती. पद्मासनाला तेथे 'क्रिस-क्रॉस ॲपलसॉस' म्हणत, म्हणजे आपल्याकडे लहान मुलांना 'मांडी घाल' सांगतात तसे. २०१३ साली न्यायाधीशांनी असा निकाल दिला की योगाची मुळे धार्मिक आहेत, परंतु या शाळांत ज्या रूपात तो शिकवतात ते धार्मिक नाही. २०१५ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. अलाबामा राज्यात याच्या उलट क्रम झाला. तेथे १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदी होती, २०२१ मध्ये ती उठली, पण मंत्रोच्चार आणि 'नमस्ते' म्हणणे यांवर बंदी ठेवूनच. आसनांची नावे इंग्रजीतच घ्यावीत अशीही अट आहे.

मला वैयक्तिक विचाराल तर ही कापाकापी हास्यास्पद वाटते. माझ्या मुलीला 'ताडासन' शब्दाने काहीही होणार नाही. परंतु अभंगवाचक यांनी जी रेषा दाखवली, जवळपास त्याच रेषेवर अलाबामाचे विधिमंडळ येऊन थांबले, याची मौज वाटली.

सरळवाट

सर्वांचे लेखन दोनदा वाचले. ध्यानाच्या व्याख्येविषयी माझी समजूत अपुरी होती हे मान्य करतो. मन रिकामे करा असे मला ज्यांनी सांगितले होते त्यांनी बहुधा सूत्रे वाचली नव्हती. कीर्तनाचा दाखलाही वजनदार आहे, परंतु त्यात एक फरक सुटतो. कीर्तनकाराने नमन बदलले आणि ते सर्वांच्या देखत, मोठ्या आवाजात, ख्रिस्ताच्या नावाने केले. बागेत ताईंनी तोंड मिटले तरी बाजूच्या तीस बायका बारा वेळा सूर्याला नमस्कार घालतात आणि ताईंचे अंग त्याच तालावर वाकते. बघणाऱ्याला विभक्ती दिसत नाही, वाकणे दिसते.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय मला म्हणूनच येथे जवळचा वाटतो. मूर्ती म्हणजे काहीच नाही हे ज्यांना कळले होते ते नैवेद्याचे मांस निर्धास्तपणे खात. पौल त्यांना चुकीचे म्हणत नाही. तो म्हणतो की कालपर्यंत मूर्तीची सवय असलेल्या भावाला ते मांस अजून नैवेद्यच वाटते, आणि तुमचे पाहून तोही विवेकाविरुद्ध खाईल. तो भाऊ मी आहे. नाकपुडीवर अंगठा ठेवला की मला वडिलांचा पाट दिसतो. ताईंना चार पिढ्यांचे स्वातंत्र्य आहे, माझी पहिलीच पिढी आहे. ताईंनी योग सोडावा असे मी आता म्हणणार नाही. माझ्यासारखा कोणी त्यांच्या मंडळीत असेल तर त्याला त्यांनी वर्गाला बोलावू नये, एवढी विनंती करतो.

केळीची_बाग

सरळवाट, आपला हा प्रतिसाद मला माझ्या लांबलचक प्रतिसादापेक्षा अधिक प्रामाणिक वाटला. एक भर घालतो. तामिळनाडूत कावेरीच्या काठी शांतिवनम् येथे १९५० साली दोन फ्रेंच धर्मगुरूंनी आश्रम काढला, नंतर तेथे इंग्रज संन्यासी बीड ग्रिफिथ्स आले. भगवी वस्त्रे, मांडी घालून मिस्सा (कॅथलिक उपासना), संस्कृत मंत्र, सगळे होते. पुण्यात शिवाजीनगरलाही ख्रिस्तप्रेम सेवा आश्रम आहे. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. परंतु भगवे कपडे घालणारे मूळचे युरोपीय होते, आणि ती परंपरा मागे सोडून चर्चमध्ये आलेले आमच्या शेजारचे दलित ख्रिस्ती किंवा आपल्यासारखे नवविश्वासू त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हा प्रश्न मला सेमिनरीत कोणी शिकवला नाही. आपण तो विचारायला लावलात.

लाकडी_वीट

गुलमोहरताई, व्यवहाराचे सांगतो. शिक्षकांना स्पष्ट विचारा. सूर्यनमस्कार आकड्यांवर घेण्यात कोणालाही अडचण नसते. व्यायामशाळांत 'एक, दोन, तीन' असेच घेतात. आणि गुडघ्यासाठी सूर्यनमस्कारांची आपल्याला आवश्यकता नाही, आपण ते करूही नयेत. खुर्ची, भिंत आणि मांडीखाली गुंडाळलेला टॉवेल पुरे आहे.

गुलमोहर_नगर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात काही गोष्टी घडल्या.

मी शिक्षकांशी बोलले. ते तरुण आहेत, पालिकेकडून मानधनावर येतात. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही शाळेत कवायत घेत होतात ना? मग आकडे तुम्हीच मोजा." आता सूर्यनमस्काराच्या वेळी पुढच्या ओळी मंत्र म्हणतात आणि मागे खुर्च्यांच्या रांगेत मी एक ते बारा मोजते. पहिल्या दिवशी माझा आवाज चढला आणि पुढच्या बायकांचा मंत्र सहाव्या नावावर अडखळला, तेव्हा सगळेच हसले. ॐकाराच्या वेळी मी डोळे मिटून 'प्रभू येशू, दया कर' असे मनात म्हणते. केळीची_बाग यांनी लिहिलेले वाक्य माझ्या श्वासाला लांब पडले म्हणून मी ते आखूड केले. 'सह नाववतु'चे काय करावे हे अजून ठरलेले नाही. कधी म्हणते, कधी नाही.

अभंगवाचक यांची चतुर्थी मी वडीलवर्गातील त्या दोघांना सांगितली. एकांना पटली. दुसऱ्यांनी सरळवाट यांचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत मांडले, आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही. आमच्या मंडळीत दोन कुटुंबे अलीकडेच आलेली आहेत. त्यांच्यासमोर मी वर्गाचा विषय काढत नाही, आणि हे लपवणे आहे की जपणे आहे हे मला सांगता येत नाही.

राहिली नणंद. परवा रात्री नवाच्या सुमारास तिचा फोन आला. आधी हवामान झाले, मग नातवाची परीक्षा झाली, आणि मग ती हळूच म्हणाली की जिना उतरताना तिचा उजवा गुडघा करकरतो. मी तिला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायला सांगितले, पाय समोर ताठ, टाच जमिनीवर, वाटी मांडीकडे ओढायची आणि दहा आकडे मोजायचे. फोन बाजूला ठेवून तिने ते केले. मला तिचे मोजणे ऐकू येत होते. दोन्ही पायांचे झाल्यावर तिने उद्या किती वेळा करायचे तेवढे विचारले. या प्रकाराला काय म्हणतात हे तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.